ओ कुणी दिली

१

शिवकांताच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण नवऱ्याला तिनं नावानं कधी हाक मारली नव्हती. हळदी-कुंकवाला बायका अडूनच बसल्या तर उखाण्यात घ्यायची नाव, तेही शेजारणीच्या हसण्यात बुडून जाईल इतक्या बारीक आवाजात. एरवी 'अहो'. दूध उतू चाललं की 'अहो', गॅस संपला की 'अहो', ताट वाढलं की 'अहो'. दिवसातून चाळीस वेळा तरी ही हाक स्वैपाकघरातून निघायची आणि घरात कुठून तरी 'ओ' यायची. 'अहो'मध्ये कुणाचं नाव नसतं. पण घरात अहो एकच, त्यामुळं कधी घोळ झाला नव्हता.

घर बार्शीकडच्या वाशी गावात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. एकापाठोपाठ एक तीन खोल्या. पुढं बैठक, मागं स्वैपाकघर आणि मध्ये एक बिनखिडकीची खोली. कडेनं अंगाएवढा बोळ, त्यातून पुढचा माणूस मागं यायचा. गौरीशंकर गावात नेटच्या लायनी द्यायचा. साठ-सत्तर घरं, दोन शाळा, एक दवाखाना. नेट वाटायचे त्याचे सगळे डबे मधल्या खोलीत मांडलेले. हिरवे दिवे लुकलुकायचे, बारका पंखा अखंड घुंई करायचा. तिथंच त्याची खाट आणि त्याचं कॉम्प्युटरचं मशीन. ओले हात घेऊन आत यायचं नाही, असा त्याचा दंडक. म्हणून शिवकांता स्वैपाकघराकडच्या पडद्याच्या आत हात घालून तिथल्या स्टुलावर चहा ठेवायची आणि मागं फिरायची.

ज्येष्ठात त्याच्या छातीत कळ आली. बार्शीच्या डॉक्टरांनी नळी घातली, गोळ्या लिहून दिल्या आणि खांबावर चढणं बंद केलं. खांबावर आता त्याच्या हाताखालचा धोंडीबा चढायचा. शिवकांतानं श्रावणातल्या पहिल्या सोमवारी संकल्प सोडला, सोळा सोमवारांचा. मागणं एकच, त्यांना आयुष्य दे.

आजारपणानं एक मात्र बरं झालं. नवरा घरी बसला आणि त्याचं काम तिला कळायला लागलं. तो बाहेर असला की फोन करून तिला बैठकीतल्या लॅपटॉपवरची यादी वाचायला सांगायचा. डावीकडं नंबर, उजवीकडं बारा अक्षरांचं काहीतरी, आकडे आणि ए पासून एफपर्यंतची इंग्रजी अक्षरं.

"हे दोन-दोन पत्ते कशाला हो एकेकाला?" तिनं एकदा विचारलं होतं.

"डावीकडचा नंबर मी दिलेला. आज ह्याला, उद्या त्याला. उजवीकडचा जन्माचा. कारखान्यातनंच कोरून आलेला." गौरीशंकर उशीला टेकून सांगत होता. "आता बघ, डब्याला एक्केचाळीस नंबरला निरोप द्यायचाय. नंबर म्हाईत हाय, पण तो कुणाच्या अंगावर हाय ते म्हाईत न्हाई. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो. एक्केचाळीस कोण हाय, ओ द्या. ज्याचा नंबर तो ओ देतो, बाकीचे गप बसतात. डबा लिहून घेतो आन् निरोप त्याला देऊन टाकतो."

"एकदा लिहून घेतलं की झालं?"

"न्हाई. थोड्या वेळानं इसरतो. मग पुन्हा हाक."

"आन् दुसऱ्याच कुणी ओ दिली तर?"

"तर त्याला देतो. डबा तपासत न्हाई. त्याच्या लेखी ज्यानं ओ दिली तो खरा. अगदी न विचारता दिली तरी मानतो."

शिवकांताला हसू आलं. "भोळाच हाय की तुमचा डबा. आमच्या महादेवासारखा."

२

दसरा होऊन गेला होता. गौरीशंकर धोंडीबाला घेऊन ईट गावाला गेला होता. दुपारी फोन आला.

"यादी उघड. एक्केचाळीसपुढं काय हाय वाच. माझ्या मशीनचा नंबर तो."

तिनं चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. शेवटी डी, डी.

"नीट बघ. शेवटी एफ सात पायजे."

"डीडी हाय हो. दोनदा बघितलं."

"आगं, मशीन बंद करून आलोय मी. तिथं कायच दिसाया नको."

"मग ओ कोण देतंय?" तिनं सहज विचारलं.

संध्याकाळी आल्याआल्या तो कामाला लागला. यादी पुसली. डब्यानं हाक मारली, डीडीनं ओ दिली. वायफाय बंद केलं, तरी दिली. मग तो एकेक वायर उपसत गेला. शाळेची, दवाखान्याची, शेजारच्यांची, स्वतःच्या मशीनची. गावभरातून फोन यायला लागले, नेट गेलं म्हणून. शेवटी डब्यात एकच वायर राहिली, लॅपटॉपची. बाकी सगळी भोकं रिकामी, अंधारी.

त्यानं पुन्हा यादी पुसली. दोघं बघत राहिले. एक्केचाळीस आला. पुढं डीडी.

"डबा बिघडला," तो म्हणाला आणि खाटेवर बसला. लातूरहून नवीन डबा मागवला. चार दिवसांनी आला, बसवला. नव्या डब्यानं पहिली हाक मारली आणि तीच ओ आली. त्यानंतर गौरीशंकरनं आपल्या मशीनला दुसरा नंबर दिला आणि तो विषय सोडला. शिवकांतालाही वाटलं, यंत्राचं यंत्र बघून घेईल. आपण त्यात कशाला जीव घालायचा?

३

चार वाजता तिनं चहा गाळला. "अहो, चहा."

"ओ."

मधल्या खोलीतून आली. तिनं पडद्याआड हात घालून कप स्टुलावर ठेवला आणि भाजी निवडायला बसली. दहा मिनिटांनी गौरीशंकर बोळातून आत आला, खांद्यावर वाळलेले कपडे.

"आज चहा न्हाई का?"

"दिला की आत्ता."

"कुणाला? मी तर वर होतो गच्चीवर, घंटाभर झाला."

ती उठून पडद्याशी गेली. कप रिकामा होता. हात लावून बघितला, अजून कोमट होता. गौरीशंकरला साय चालत नसे. बोटानं बाजूला काढून तो ती बशीत ठेवायचा, बावीस वर्षं ती धुवत आली होती. आज बशी कोरडी होती. साय नव्हती.

मांजर असेल, तिनं स्वतःशी म्हटलं. ओ गच्चीवरूनच आली असेल, झरोक्यातून आवाज घुमतो. तिनं दुसरा चहा टाकला. आणि मांजर कपातला चहा तळापर्यंत कसं पिईल, हा प्रश्न तिनं मनातून उचलून बाजूला ठेवला, बोटानं साय काढून ठेवावी तसा.

पण त्या दिवसापासून ती मोजायला लागली. आठवड्यात अकरा वेळा ओ चुकीच्या खोलीतून आली. एकदा गौरीशंकर तिच्या डोळ्यांसमोर, अंगणात दाढी करत होता. तिनं उंबऱ्यात उभं राहून 'अहो' म्हटलं. आतून ओ आली आणि मागोमाग खाट करकरली, माणूस उठून बसतो तशी. अंगणातल्या माणसानं वर बघितलंसुद्धा नाही.

४

शेजारची उमाबाई मेथी घेऊन निवडायला आली होती. तोंड चालू, हात चालू. गौरीशंकर सकाळच्या गाडीनं बार्शीला तपासून घ्यायला गेला होता. उमाबाई बसते न बसते तोच मधल्या खोलीतून खोकला आला. भरदार, पोटातून आलेला.

"भाऊजी घरीच हायेत व्हय?" उमाबाईनं भुवया उडवल्या. "आन् मी म्हणते बार्शीला गेले. काय दणकट खोकला आलाय बाई! सोळा सोमवार करून नवऱ्याचा पैलवान करतेस का काय? आमच्याला बी सांग तुझा महादेव. आमचं ध्यान खोकतंय तर मांजराला शिंक आल्यागत."

शिवकांता हसली. हसताना मेथीची जुडी तिच्या हातात चुरगळली. म्हणजे फक्त आपल्याच कानांना होत नव्हतं. इतके दिवस तिला वाटायचं, उपासानं डोकं हलकं झालंय, म्हणून ऐकू येतंय. त्या वाटण्यात केवढा आधार होता, तो गेल्यावर कळलं.

उमाबाई गेली. पडदा हलत नव्हता. पंख्याची घुंई चालू होती. आणि त्या घुंईखाली, नीट कान दिला तर, कुणीतरी संथ श्वास घेत होतं. तिनं पडदा सारायला हात उचलला. तेवढ्यात फोन वाजला.

"डॉक्टर म्हणतेत काळजाचा पंप आणखी मंद चाललाय," गौरीशंकर सांगत होता. मागं गाड्यांचा आवाज. "वजन सात किलो उतरलं. विचारत होते, जेवता का न्हाई. म्हणलं दोन टाइम जेवतो. ते म्हणले, मग जातंय कुठं?"

तिनं उचललेला हात खाली घेतला.

दोनच दिवसांत ती त्याला घेऊन कळंबला बहिणीकडं गेली. हवापालट, असं सांगितलं. तिथं पहिल्याच सकाळी गौरीशंकर दारात बसला होता आणि तिनं नकळत, सवयीनं 'अहो' म्हटलं. बहिणीच्या बंद न्हाणीतून ओ आली. त्या संध्याकाळच्या एसटीनं ती दोघं परत आली.

५

पंधरावा सोमवार. दिवे लागायची वेळ.

स्वैपाकघराच्या कोपऱ्यात देवघर. पिंडीवर बेल वाहून, निरांजन ओवाळून तिनं हात जोडले. श्रावणापासून हीच जागा अशी होती, जिथं बसलं की छातीवरचं ओझं उतरायचं. महादेव आपलं ऐकतो, यावर तिचा श्वासाइतका भरवसा.

"देवा, त्यांना आयुष्य दे," ती म्हणाली. "त्यांच्या अंगात बळ येऊ दे."

"ओ."

अगदी हळू. पडद्यामागून. कुणीतरी आपलं नाव पुकारल्यावर अदबीनं द्यावी तशी.

निरांजनाची वात सरळ उभी होती. शिवकांताचे हात जोडलेलेच राहिले. तिला सगळं एकदम नाही, एकेक कळत गेलं. पंधरा सोमवार. पंधरा वेळा तिनं देवाच्या दारात हाक घातली, त्यांना दे. कुणाला ते सांगितलं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणून आईनं शिकवलं, सासूनं शिकवलं, आणि ती देवापुढंसुद्धा तेच पाळत आली. देवानं आयुष्य दिलं. बळ दिलं. दारात जो उभा राहून ओ देत होता, त्याच्या ओंजळीत टाकलं.

आणि घातलेलं सगळं तिच्याच हातचं. तिचे उपास, तिची पोळी, तिचा चहा. देवाला बोल लावायची सोय नव्हती.

६

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी उन्हात, गच्चीवर नेऊन तिनं त्याला सांगितलं. वाटलं होतं, हसेल. उपासांना नावं ठेवेल. गौरीशंकर कठड्याला टेकून ऐकत राहिला. शर्ट त्याच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबत होता.

"मला हाक ऐकू येती तुझी," तो शेवटी म्हणाला. "मी ओ द्यायला तोंड उघडतो, तवर दिलेली असती कुणीतरी. मग वाटतं, आपल्याला न्हवती. दुसऱ्या कुणाला असंल."

"असं नगा हो बोलू."

"पयल्यांदा राग यायचा. आता तेवढं बी वाटत न्हाई."

तिला रडू फुटलं. तिनं ते पदरात गिळलं आणि डोळे पुसून विचारलं, "तुमच्या डब्यात असं झालं तर उपाय काय करता?"

तो बराच वेळ आठवत बसला. पूर्वी असं काही विचारलं की वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर यायचं. "हातानं लिहायचं," तो म्हणाला. "ह्या नंबरला हाच पत्ता, कायमचा. मग डबा हाक मारीत न्हाई. कुणी ओ दिली तरी ऐकत न्हाई."

"एवढंच?"

"एवढंच. पर लिहायच्या येळंला खरा मालक चालू पायजे."

तिला धीर आला. एक सोमवार उरला होता. तो आपल्या हातात आहे. घेईन नाव, ती म्हणाली. देवापुढं, मोठ्यानं, जन्मगावासकट, अंगावरच्या खुणांसकट घेईन. पाप लागलं तर मला लागू दे.

त्या आठवड्यात तिनं एकही हाक मारली नाही. चहा घेऊन ती स्वतः त्याच्यापर्यंत जायची, खांद्याला हात लावून कप हातात द्यायची आणि पिऊन होईपर्यंत समोर बसायची. घर गप झालं. आणि गुरुवारी दुपारी, कुणी काही म्हटलेलं नसताना, मधल्या खोलीतून ओ आली. शुक्रवारी तीनदा. शनिवारी मोजायचं तिनं सोडून दिलं.

७

सोळाव्या सोमवारी तिनं गव्हाच्या पिठाचा चुरमा केला, गूळ-तूप घालून, आणि रीतीप्रमाणं तीन भाग केले. एक देवाचा, एक वाटायचा, एक घरच्यांचा. गौरीशंकरला न्हाऊ घालून शेजारच्या पाटावर बसवलं. कागदावर तिनं आपल्या हातानं सगळं लिहून ठेवलं होतं, चुकू नये म्हणून. त्याचं मनगट डाव्या हातात घट्ट धरलं. नाडी लागत होती, बारीक, पण लागत होती.

"देवा, माझं मागणं गौरीशंकर हणमंतप्पासाठी हाय," ती वाचायला लागली. आवाज तिनं चढा ठेवला. "जन्म ईटचा. डाव्या भुवईवर खोक, ल्हानपणी बैलगाडीवरनं पडल्याची. छातीत नळी हाय. माझ्याजवळ बसलेत ते. दुसऱ्या कुणासाठी न्हाई. गौरीशंकर."

मधल्या खोलीतून काही आलं नाही.

तिनं वाट बघितली. पंख्याची घुंई थांबली होती, कधी ते कळलं नाही. खाट करकरली नाही. श्वास नाही. बाहेर कुणाच्या तरी दारात भांडं पडलं, तेवढंच. शिवकांताच्या अंगातून कितीतरी दिवसांनी ऊब फिरली. लिहिलं गेलं, तिला वाटलं. ती त्याच्याकडं वळली, हसली.

"तुम्हाला हाक मारली मी. ओ द्या की."

गौरीशंकरनं तिच्याकडं बघितलं. नजर चांगली होती, मायेची. लग्नघरात अनोळखी बाईनं आग्रह केल्यावर माणूस बघतो, तशी.

"मला?" तो म्हणाला.

"तुम्हालाच. तुमचं नाव घेतलं ना."

तो अवघडला. कागदाकडं बघितलं, पिंडीकडं बघितलं. तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी पडद्यामागून ओ आली. भरदार, स्वच्छ, बावीस वर्षांपूर्वी मांडवात तिनं पहिल्यांदा ऐकला होता तो आवाज.

"हायेत की घरात," गौरीशंकर म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटलेलं दिसत होतं. "मी उगं जागा अडवून बसलो." तिच्या मुठीतून त्यानं मनगट सोडवून घेतलं, तिला लागू नये अशा बेतानं. उठला. परक्या घरातून निघताना जोडावेत तसे हात जोडून त्यानं नमस्कार केला.

"शरणार्थ, अक्का. निघतो."

त्याला अडवायच्या आधी तिची नजर पडद्याकडं गेली. पडदा एका बाजूनं सरकला होता, वीतभर. स्टुलावर एक हात टेकलेला होता, तळवा वर करून. मनगट भरलेलं. करंगळीजवळच्या बोटात लग्नातली अंगठी होती. गौरीशंकरची अंगठी आजारपणात सैल होऊन पडायला लागली, म्हणून तिनंच काढून दागिन्यांच्या डब्यात ठेवली होती. हाताला घाई नव्हती. घरच्यांचा भाग मिळणार, हे त्याला ठाऊक होतं.

तोवर गौरीशंकर पुढं निघून गेला होता. ती बोळातून धावली, बैठकीला वळसा घालून पुढच्या दारात पोचली. गौरीशंकर पायरीखाली चपलांच्या ओळीकडं बघत उभा होता. सगळ्या जोडांवरून त्याची नजर फिरली. त्यातला आपला कुठला, ते त्याला ठरवता आलं नाही. तो अनवाणीच निघाला.

गल्लीच्या तोंडाशी जाऊन तो थांबला. उजेड अजून होता. मागून कुणी बोलावतंय का म्हणून माणूस थांबतो तसा थांबला, मान किंचित वळवून.

हाकेच्या अंतरावर होता. शिवकांताच्या ओठांवर 'अ' आलासुद्धा. तेवढ्यात तिच्या पाठीशी, बैठकीच्या उंबऱ्यापर्यंत, दमदार पावलं आली आणि थबकली. श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. ओ द्यायच्या आधी माणूस घेतो, तेवढाच.

तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला.

तो अजून थोडा वेळ थांबला. मग बसस्टँडकडं वळला.